टायरची बाजू फाटली: गेटर टाकून चालवायचं की नवा घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माउंटन बाइकचा २९ × २.२५ इंचाचा मागचा टायर, वापरून सहा-सात महिने झालेले, नक्षी अजून चांगली. सिंहगडाच्या बाजूच्या एका खडकाळ उतारावर टायरच्या डाव्या बाजूला, रिमपासून बोटभर वर, सुमारे दोन सेंटिमीटरचा काप गेला आणि ट्यूबचा फुगा बाहेर आला. पंक्चरवाल्याने आतून गेटर, म्हणजे कापाला आधार देणारा तुकडा, टाकून दिला आणि म्हणाला, "बिनधास्त चालवा." सायकलच्या दुकानात सांगितलं, "टायर गेला, नवा घ्या." मित्र म्हणतो, ट्यूबलेस करून सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, ओत, आपोआप बंद होईल. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

पंक्चरवाल्याचं शहरापुरतं बरोबर आहे, दुकानदाराचं उतारापुरतं. मित्राचं सोडून द्या, का ते पुढे येईलच.

टायर टाकायचा की ठेवायचा हे रबर बघून ठरवू नका, दोरे बघून ठरवा. टायरमध्ये भार घेतात ते नायलॉनचे दोरे. रबर त्यांना फक्त धरून ठेवतं, पाणी-माती बाहेर ठेवतं आणि जमिनीला पकड देतं. हे दोरे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरके जातात, एक थर एका दिशेने आणि दुसरा त्याला छेद देणारा. टायरवर ६० टीपीआय, १२० टीपीआय असं छापलेलं असतं, ते एका इंचात किती दोरे आहेत त्याचा आकडा. आकडा मोठा म्हणजे टायर मजबूत असा आपल्याकडे सरसकट समज आहे, पण गंमत उलटी आहे. १२० मध्ये दोरे बारीक असतात, टायर हलका आणि लवचीक होतो, पण बाजूने दगड घासला तर ६० चा जाड दोरा सहसा जास्त तग धरतो.

टायर रिमवरून पूर्ण उतरवा. पाण्याने धुवा, वाळू द्या, मग कापाची जागा दोन्ही अंगठ्यांनी आतून बाहेर ढकलून उलटी करा आणि भरपूर उजेडात बघा. वरचं रबर सोललं गेलंय पण खाली दोऱ्यांची जाळी सलग दिसते, आतल्या बाजूला काहीच खूण नाही? मग तो नुसता ओरखडा आहे, दोऱ्यांत पाणी-माती जाऊ नये म्हणून वरून रबरी चिकटद्रव्य लावा आणि विसरून जा. दोरे तुटून कुसळासारखे बाहेर आलेत आणि आतून प्रकाश आरपार दिसतो? मग टायरची ताकद त्या जागी संपली आहे. तुमच्याकडे ट्यूब बाहेर आली म्हणजे हा दुसरा प्रकार.

ढोबळ हिशेब करून बघा, म्हणजे भीती वाटावी की नाही ते कळेल. टायरमधल्या हवेचा दाब ३० पीएसआय धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २.१ किलो. सव्वादोन इंची टायरची त्रिज्या २.८ सेंटिमीटरच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार केला की टायरच्या लांबीच्या दर सेंटिमीटरमागे कापडावर सुमारे ६ किलोचा ताण येतो. तुमचा काप दोन सेंटिमीटरचा, म्हणजे १२ किलोचा ताण घेणारे दोरे आता नाहीत आणि तो भार कापाच्या दोन टोकांच्या दोऱ्यांवर गेलाय. हे सायकल भिंतीला टेकवून उभी असतानाचं. दगडावर आदळल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच असा काप एकदम फाटत नाही, टोकांकडून हळूहळू वाढत जातो. आज दुरुस्ती केली तर कापाच्या दोन्ही टोकांना बाहेरून पेनने खूण करून ठेवा. महिन्याभरात खुणेच्या पुढे चीर गेली असेल तर चर्चा संपली.

काप कुठे आहे त्यावरही बरंच अवलंबून आहे. मधोमध, जिथे टायर जमिनीला टेकतो, तिथे रबर जाड असतं आणि बहुतेक टायरमध्ये दोऱ्यांचा एक थर जास्तीचा येतो. तिथला सात-आठ मिलिमीटरचा काप आतून नीट पॅच लावला की टायरची नक्षी संपेपर्यंत टिकतो. बाजूला रबर पातळ, थर कमी, आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत ती जागा दबते आणि सुटते. तोच सात-आठ मिलिमीटरचा काप तिथे असला तर दुरुस्त टायर मी फक्त मागच्या चाकाला ठेवतो. एक सेंटिमीटरच्या वरचा बाजूचा काप असला की खडकाळ उतारासाठी तो टायर माझ्या लेखी बाद. आणि अगदी कडेला, म्हणजे रिममध्ये अडकणाऱ्या तारेजवळ काप असेल किंवा तारच उघडी पडली असेल, तर कसलीही दुरुस्ती करू नका. ती कड रिममधून निसटली की ट्यूब फटाक्यासारखी फुटते, आणि तेव्हा तुम्ही वेगात असाल तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

आता गेटरबद्दल. रानात टायर फाटला तर गेटर हाच उपाय आहे, त्यात कमीपणा नाही. जुन्या टायरचा तुकडा सर्वात चांगला. तो नसेल तर टूथपेस्टची रिकामी ट्यूब कापून उघडून धुतलेली, किंवा फळांच्या रसाच्या खोक्याचा जाड कागद. हे ताणत नाहीत, हेच त्यांचं मोल. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, दुधाची पिशवी हे पातळ आहेत, फुग्याबरोबर तेही बाहेर येतात. दहाची नोट दुमडून घातलेलीही मी पाहिली आहे, घरापर्यंत टिकते, पण नंतर दुकानदार घेत नाही. तुकडा कापाच्या सगळ्या बाजूंनी दोन सेंटिमीटर तरी जास्त हवा. तो ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवायचा, हवा थोडी भरून बाहेरून बघायचं की सरकला तर नाही, मग उरलेली हवा भरायची. त्या दिवशी नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय कमीच ठेवा आणि उतार आला की जरा बेताने.

पंक्चरवाला जो गेटर टाकतो तो बहुतेक वेळा मोटरसायकलच्या जुन्या टायरचा किंवा ट्यूबचा तुकडा असतो. ट्यूबचा असला तर काही उपयोग नाही, ती ताणते. टायरचा असला तर ताकद आहे, पण त्याच्या कडा जाड असतात आणि चिकटवलेल्या नसतात. रोज पाच-सात किलोमीटर ऑफिसला जाताना काही होत नाही. खडबडीत वाटेवर मात्र तो तुकडा आत सरकत राहतो आणि त्याची कड ट्यूबला घासून बारीक चीर पाडते. पंधरा दिवसांनी पंक्चर होतं, काटा सापडत नाही, आणि माणूस ट्यूबच्या कंपनीला शिव्या घालतो. तुमचा गेटर काढून त्याच्या कडा एकदा बघा.

टायर सहा-सात महिन्यांचाच असल्याने टाकवत नाही, हे मी समजू शकतो. परदेशी कंपनीचा चांगला टायर ३-४ हजारांच्या घरात जातो. म्हणून नीट दुरुस्ती कशी करायची ते सांगतो, शहरात आणि सपाट कच्च्या रस्त्यावर ती चालेल.

आधी शिवायचं. चप्पल-बूट शिवणाऱ्याकडे असतो तो मेणाचा नायलॉन दोरा लागतो. मासेमारीची गुळगुळीत तंगूस नको, ती रबर कापत जाते. खरं तर टायर घेऊन त्याच्याकडेच जा, त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला असतो. फक्त दोन गोष्टी सांगा. टाके कापाच्या ओठापासून चार-पाच मिलिमीटर लांब घ्यायचे आणि सगळे एका रेषेत न घेता एक जवळ, एक लांब असे घ्यायचे, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होऊन टायर तिथूनच फाटतो. आणि ओढून ताण द्यायचा नाही. ओठ एकमेकांना टेकले की पुरे, एकावर एक चढता कामा नयेत. गाठ बाहेरच्या बाजूला.

मग आतून पॅच. साध्या ट्यूबचा रबरी पॅच इथे चालत नाही, कारण तो ताणतो. कापडाचा थर असलेला टायर पॅच मिळतो, तो घ्या. आतली जागा पॅचपेक्षा बोटभर मोठी अशी पॉलिश पेपरने घासा, चकाकी जाऊन रबर मळकट काळं दिसेपर्यंत. कानस वापरू नका, ती दोरे तोडते. घासलेली भुकटी पेट्रोलच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. आता सोल्युशनचा पातळ थर द्या आणि हात आवरा. नव्वद टक्के पॅच निघतात ते ओल्या सोल्युशनवर घाईने चिकटवल्यामुळे, असा माझा अंदाज आहे. लावल्यावर थर चमकतो, मग चमक मावळते. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर चिकटल्यासारखं वाटावं, पण बोटाला काही लागू नये. तिथवर थांबा. घासलेलं कापड सोल्युशन पितं, म्हणून दुसरा थर द्या आणि पुन्हा तेवढंच थांबा. पॅच मध्यापासून कडांकडे दाबत बसवा, म्हणजे खाली हवा राहत नाही. वरून चमच्याच्या पाठीने जोरात घोटा. एक रात्र वजनाखाली ठेवा. सकाळी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे उरलेल्या चिकटाला ट्यूब धरत नाही. बाहेरच्या शिवणीत बुटांसाठी मिळतं ते लवचीक रबरी चिकटद्रव्य भरा.

झटपट चिकटणारा गोंद टायरवर अजिबात नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो, आणि टायर दबला की त्याच्या कडेने नवी चीर सुरू होते. ट्रकच्या टायरला गरम प्रेस लावून जोड देणाऱ्याकडेही सायकलचा टायर नेऊ नका. एवढ्या पातळ कापडाला ती उष्णता सोसत नाही, जागा आक्रसते आणि चाक फिरताना तिथे उडी बसते.

मित्राच्या सीलंटकडे येऊ. सीलंट हे बहुतेक वेळा पातळ लॅटेक्स असतं, त्यात बारीक कण मिसळलेले असतात. हवा भोकातून बाहेर पडते तेव्हा ते कण भोकात अडकतात आणि लॅटेक्स तिथे साकळतं. बाभळीच्या काट्याच्या भोकाला हे काम झकास जमतं, पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला कंपन्या हमी देतात, माझ्या अनुभवाने ती जरा सढळ आहे. पण दोन सेंटिमीटरची चीर, आणि तीही प्रत्येक फेरीत उघडणारी? साकळलेला गोळा टिकायला जागाच नाही. आणि समजा हवा थांबली, तरी दोरे तुटलेलेच आहेत ना! सीलंट हवा अडवतं, ताण घेत नाही. शिवाय तुमची रिम ट्यूबलेससाठी असली तरी टायरवर तसं छापलेलं असायला हवं.

तरीही पुढेमागे ट्यूबलेस करा असंच मी म्हणेन, पण नव्या टायरवर. आपल्या भागात त्याचं कारण काटे. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यानंतर गवत वाळलं की सराट्याची फळं वाटेवर पसरतात, कशीही पडली तरी एक काटा वर. बाभळीच्या फांद्या शेताच्या कुंपणातून वाटेवर आलेल्या असतात. ट्यूबवाल्याचा दिवस पंक्चर काढण्यात जातो, ट्यूबलेसवाल्याला घरी गेल्यावर कळतं की टायरमध्ये डझनभर काटे आहेत. यातच एक धोका आहे. टायर रानात फाटला आणि तुम्ही आत ट्यूब टाकायला गेलात, तर आधी ते सगळे जुने काटे उपटावे लागतात. आजवर सीलंटने त्यांना झाकून ठेवलेलं असतं, नवी ट्यूब पहिल्या फर्लांगातच त्यांच्यावर बसते. टायरच्या आतून उघडं बोट फिरवू नका, हातमोजा किंवा सुती फडकं फिरवा, काटा असला की धागा अडकतो. ट्यूबलेसच्या भोकात घालायच्या चिकट रबरी दोऱ्याही सायकलच्या मापाच्या घ्या. कारच्या पंक्चरवाल्याचा जाड टोचा भोक मोठं करतो आणि शाबूत दोरे तोडतो.

काट्याचं पंक्चर कितीही वेळा झालं तरी टायर बाद होत नाही. टायर बाद करतो तो दगड. सह्याद्रीचा काळा पाषाण फुटतो तो धारदार कडा घेऊन, आणि उतारावरचे सुटे तुकडे चाकाखाली उलटून बाजूला लागतात. कोकणातला जांभा तसा कापत नाही, पण कानशीसारखा नक्षी खातो. हवा फार कमी असली की टायरची बाजू जास्त फुगून बाहेर येते आणि दगडाच्या वाटेत सापडते. त्याची चाहूल आधी ट्यूबमध्ये मिळते. शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, दिसली तर तो काटा नव्हता, ट्यूब रिम आणि दगडात चेचली गेली. ट्यूब घालून, सत्तर किलोच्या आसपास वजनाला, या मापाच्या मागच्या टायरला २८ ते ३२ आणि पुढच्याला त्याहून दोन-तीन कमी, इथून सुरुवात करा. ट्यूबलेसमध्ये आणखी तीन-चार उतरवता येतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते. पेट्रोल पंपावर मात्र हमखास तेवढीच भरून देतात.

नवा टायर घेताना नावापेक्षा आकडा बघा. बाजूवर बारीक अक्षरात ५७-६२२ असं काहीतरी सापडेल. ५७ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. २९ इंची माउंटन बाइक आणि ७०० सी मापाच्या चाकांची हायब्रिड, दोन्हींचा व्यास ६२२च. साडेसत्तावीसचा ५८४, जुन्या सव्वीसचा ५५९. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, पहिल्यात थोडी मोकळीक आहे. २.२५ ऐवजी २.४ घालायचा मोह होईल. आधी फ्रेमच्या मागच्या दांड्यांत दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी जागा उरते का बघा, कारण पावसाळ्यात टायरवर मावळातली लाल माती चढते आणि मग चाक फिरतच नाही.

तुमच्या वापरासाठी सर्वात हलका टायर घेऊ नका. बाजूला जास्तीचं संरक्षण असलेला घ्या. मॅक्सिस कंपनीच्या टायरमध्ये त्याला एक्सो म्हणतात, श्वाल्बे कंपनीच्या टायरमध्ये सुपर ग्राउंड किंवा त्याहून दणकट सुपर ट्रेल. वजन शे-दोनशे ग्रॅमने वाढतं, चढावर थोडं जाणवतं, उतारावर तुम्हीच दुवा द्याल. घडीचा टायर, म्हणजे कडेला तार नसल्याने दुमडता येणारा, तारेच्या टायरपेक्षा हलका आणि महाग असतो. ट्यूब घालूनच चालवणार असाल तर तारेचा स्वस्त पडतो आणि दोऱ्यांचा दर्जा तोच असेल तर टिकाऊपणात फारसा फरक नाही. सवलतीतला जुना माल घेताना घडीच्या दुमडीवर रबराला बारीक भेगा आहेत का बघा. असतील तर तो टायर दुकानातच म्हातारा झालाय.

नवा टायर पुढे लावा आणि पुढचा मागे घ्या. मागच्या चाकाची पकड सुटली तर सायकल आडवी सरकते आणि सावरता येते, पुढचं सुटलं की माणूस खाली. शिवाय मागचा टायर तसाही लवकर झिजतो, तिथे अर्धा वापरलेला पुरतो.

बसवताना बाजूचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणा. देखणेपणाचा भाग सोडा, पण ट्यूबमध्ये भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून अंतर मोजून टायरमध्ये काटा कुठे आहे ते लगेच कळतं. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, म्हणजे ती मुरगळत नाही. टायरची शेवटची कड चढवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. कारण रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, टायरची कड त्या खोलात ढकलली की दुसऱ्या बाजूला ढील मिळते, आणि व्हॉल्व्हपाशी मात्र तो खोलगट भाग व्हॉल्व्हनेच अडवलेला असतो. उलट केलंत तर शेवटची वीतभर कड कितीही जोर लावला तरी चढत नाही, मग लोक लोखंडी लिव्हर घालतात आणि नवी ट्यूब चिमटतात. अडलं तर साबणाचं पाणी लावा आणि दोन्ही तळव्यांनी पुढे ढकला.

हवा भरून चाक फिरवा. टायरच्या कडेलगत एक बारीक उठलेली रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिमच्या आत बुडली असेल तर हवा सोडा, तिथे साबणपाणी लावा, पुन्हा भरा.

फाटलेला टायर भंगारात देण्याआधी कापापासून लांबची शाबूत बाजू कात्रीने कापून घ्या, साधारण चार बाय सात सेंटिमीटरचे दोन तुकडे, तारेची कड आणि नक्षीचे उंचवटे (नॉब) वगळून. चारही कडा पॉलिश पेपरने घासून अगदी पातळ करा आणि सॅडलखालच्या पिशवीत टाका. पंक्चरवाल्याकडच्या गेटरपेक्षा हा चांगला बसेल, कारण याला टायरच्या पोटाची गोलाई आधीच आहे.